पोळी सोडली आणि भूक का वाढली?

प्रश्न ठाण्यातल्या माजिवड्याहून आला आहे. लिहिणाऱ्या बाईंचं वय ३८, नोकरी ऐरोलीला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं:

"मॅडम, दोन महिन्यांपूर्वी मी गहू पूर्ण बंद केला. पहिले पंधरा-वीस दिवस भूक जवळजवळ लागतच नव्हती. दोन किलो वजन उतरलं, पोट हलकं झालं. तेव्हा उत्साहाने घरी ज्वारीची भाकरी, मुगाची धिरडी, उसळी करत होते. मग ऑफिसात काम वाढलं. आता पोळी-भाजी केंद्रातून तांदळाच्या भाकऱ्या आणते आणि ग्लुटेन-फ्री बिस्किटं, तांदळाच्या कुरकुरीत चकत्या ड्रॉवरमध्ये ठेवते. महिनाभर दुपारी चारला अशी भूक लागते की हात कापतात. रात्री अकराला पुन्हा डबे उघडते. मैत्रीण सांगते, गव्हात अफूसारखं काहीतरी असतं आणि ते सुटताना असं होतं. हे खरं आहे का? आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला मुळातच भूक नाही. उंची वाढत नाही, रंग फिका आहे. त्याचीही पोळी येत्या सोमवारपासून बंद करू का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण सोमवार जवळ आला आहे. मुलाची पोळी बंद करू नका. रक्ततपासणी होईपर्यंत तर नाहीच. कारण खाली सविस्तर लिहिलं आहे आणि ते जरूर वाचा.

आता तुमच्याकडे वळते. मी गेली चोवीस वर्षं ठाण्यात आहारसल्ला देते आहे. त्यातल्या गेल्या दहा वर्षांत 'ग्लुटेन', म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, 'सोडलं' असं सांगत आलेल्या माणसांची गणती ठेवलेली नाही, पण आठवडा कधी रिकामा गेला नाही. त्या सगळ्यांना पाहून आणि जे संशोधन झालं आहे ते वाचून माझं मत असं बनलं आहे: ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होते तो सीलिअॅक नावाचा आजार नसेल, तर ग्लुटेन भूक वाढवतही नाही आणि मारतही नाही. भूक बदलते ती पोळीच्या जागी ताटात काय आलं त्यामुळे. तुम्ही लिहिलेल्या मजकुरातच हे उत्तर आहे. पहिल्या पंधरवड्यात ज्वारी, मूग, उसळी होत्या आणि भूक शांत होती. नंतर तांदळाची भाकरी आणि पाकिटातली बिस्किटं आली आणि भूक उसळली. ग्लुटेन दोन्ही वेळा जवळजवळ शून्यच होतं.

पण एवढ्यावर सोडत नाही, कारण 'भूक' हा शब्द आपण फार ढोबळपणे वापरतो. मराठीत याला वेगवेगळे शब्द आहेत आणि मला ते रोज उपयोगी पडतात. पोटात कावळे ओरडतात ती भूक. ताट पाहून जेवावंसं वाटणं ही वासना. आजाऱ्याबद्दल आपण म्हणतो ना, 'अन्नावरची वासनाच उडाली आहे.' आणि जेवण होऊन तासही झाला नाही तोवर तोंडात काहीतरी टाकावंसं वाटत राहतं, ती वखवख. माझ्याकडे येणारा माणूस तिन्हींना भूकच म्हणतो. मी त्याला एकच विचारते, "आत्ता समोर गार वरणभात ठेवला तर खाल, की शेव-फरसाणच हवं?" वरणभात चालत असेल तर ती भूक. तुमची चार वाजताची भूक खरी आहे असं मला वाटतं. रात्री अकराची बरीचशी वखवख आहे, पण तिचं मूळही दिवसभराच्या कमी पडलेल्या जेवणातच आहे.

शरीरात हे कसं चालतं ते थोडक्यात सांगते. पोट रिकामं झालं की जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि ते मेंदूला 'जेवण पाठवा' असं सांगतं. हे १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं. शरीरातल्या चरबीतून लेप्टिन निघतं. साठा घटला की ते घटतं आणि मेंदू खाण्याच्या मागे लागतो. जेवण लहान आतड्यात उतरलं की तिथून सीसीके, जीएलपी-१, पीवायवाय असे 'आता पुरे' सांगणारे निरोप निघतात. वजनाच्या इंजेक्शनांमुळे जीएलपी-१ हे नाव हल्ली घराघरात पोचलं आहे. हे निरोप जोरात निघतात ते प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ आतड्यात पोचल्यावर. चोथा असेल तर जेवण सावकाश सरकतं आणि निरोप जास्त वेळ येत राहतात. प्रथिन गव्हाचं आहे की मुगाचं, याची चौकशी हे निरोप करत नाहीत.

ग्लुटेन म्हणजे काय, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा एकदा हाताने पाहा. मैद्याचा लिंबाएवढा घट्ट गोळा मळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि मग वाडग्यातल्या पाण्यात हळूहळू चोळा. पाणी दुधासारखं पांढरं होईल. तो स्टार्च. कुरडयांसाठी भिजवलेल्या गव्हाचा चीक काढतात, त्यात मुख्यतः हाच असतो. पाणी बदलत राहा. सहा-सात पाणी झाली की हातात पिवळट, रबरासारखी लगदी उरते. ओढली की ताणते, सोडली की आखडते. ती ग्लुटेन. ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या दोन प्रकारच्या प्रथिनांचं ते जाळं आहे. गव्हातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळजवळ ८० टक्के हीच. पोळी फुगते, पाव जाळीदार होतो, शेवई तुटत नाही, ते या जाळ्यामुळे. मध्यम पोळीत साधारण अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. भुकेच्या दृष्टीने ते प्रथिन आहे. पास्त्यासारख्या घट्ट पदार्थात तर हे जाळं स्टार्चच्या कणांना धरून ठेवतं आणि साखर रक्तात सावकाश जाते. म्हणजे झाला तर पोट भरलेलं राहायला थोडा उपयोगच होतो.

आता अफूची गोष्ट. तुमच्या मैत्रिणीने ती हवेतून काढलेली नाही. १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी गव्हाचं ग्लुटेन पाचकरसाने तोडलं. त्यातून निघालेले काही तुकडे मेंदूत अफू जिथे चिकटून काम करते त्या जागांना चिकटू शकतात, असं त्यांना परीक्षानळीत दिसलं. त्यांना त्यांनी एक्सॉर्फिन असं नाव दिलं. पण त्याच अभ्यासात दुधातल्या केसीन या प्रथिनापासूनही तसेच तुकडे निघाले होते. ही अर्धी गोष्ट कुणी सांगत नाही. तुमच्या आजीने आयुष्यभर दूधभात खाल्ला, त्याला कुणी व्यसन म्हटलं नाही. २०११ साली अमेरिकेतल्या एका हृदयरोगतज्ज्ञाच्या गाजलेल्या पुस्तकाने ही कल्पना घरोघर नेली, आणि तिथून ती फिरत फिरत आपल्या व्हॉट्सअॅपवर आली. परीक्षानळीत चिकटणं आणि पोळी खाल्ल्यावर ते तुकडे आतड्याची भिंत ओलांडून, रक्तातून मेंदूत पोचून भूक पेटवणं, यात फार मोठं अंतर आहे. हे दुसरं माणसात सिद्ध झालेलं नाही. अफूच्या जागा अडवणारं औषध दिलं की काही लोकांची गोड-तुपकट खाण्याची ओढ कमी होते, हे खरं. पण ती चॉकलेटचीही होते आणि चॉकलेटात गहू नसतो. चवदार अन्नाचा आनंद मेंदूच्या त्याच वाटेने जातो, एवढाच त्याचा अर्थ. उंदरांवरच्या प्रयोगांचे दाखलेही लोक देतात. ब्राझीलमध्ये २०१३ साली झालेल्या अभ्यासात ग्लुटेन न दिलेल्या उंदरांची चरबी कमी वाढली, हे बरोबर आहे. पण दोन्ही गटांतले उंदीर तेवढंच खात होते. भुकेबद्दल त्यातून काही निघत नाही.

उलट, माझ्या मते ज्या अभ्यासातून खूप काही निघतं तो साधा आहे आणि १९९५ सालचा आहे. सिडनी विद्यापीठातल्या सुझना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ घेतले, प्रत्येकाचा २४० कॅलरींचा वाटा लोकांना दिला आणि दोन तास, दर पंधरा मिनिटांनी विचारलं, पोट किती भरलेलं वाटतंय? पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. मैदा आणि लोण्याच्या क्रोसाँला मिळाले ४७, सगळ्यांत कमी. कोंड्यासकट गव्हाच्या पावाला १५७. पांढऱ्या भाताला १३८. आणि उकडलेल्या बटाट्याला ३२३, सगळ्यांत जास्त. हे आकडे मी सल्ल्याच्या टेबलावर काचेखाली ठेवले आहेत. क्रोसाँ गव्हाचा, कोंड्याचा पावही गव्हाचा, दोन्हींत ग्लुटेन आणि पोट भरण्यात तिपटीहून जास्त फरक. बटाट्यात ग्लुटेनचा कणही नाही आणि तो सगळ्यांच्या वर. हा फरक पाण्याने, चोथ्याने, प्रथिनाने आणि चावायला लागणाऱ्या वेळाने पडतो. तेवढ्याच कॅलरींत लोणी-तेल जितकं जास्त आणि पदार्थ जितका हलका-खुसखुशीत, तितकं पोट रिकामं राहतं.

आता तुमचा डबा घेऊ. पूर्वी दिवसाला चार पोळ्या होत्या असं धरते. पोळीला ३० ग्रॅम कणीक, म्हणजे १२० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय पदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम कणकेत साडेदहा ग्रॅम प्रथिनं आणि ११ ग्रॅमच्या वर चोथा असतो. म्हणजे पोळ्यांमधूनच तुम्हाला साधारण १३ ग्रॅम प्रथिनं आणि तेवढाच चोथा मिळत होता. ज्वारीतही जवळपास तेच आहे, १० ग्रॅम प्रथिनं आणि १० ग्रॅम चोथा. बाजरी ११ आणि साडेअकरा. नाचणीत प्रथिनं ७, पण चोथा ११. म्हणून पहिल्या पंधरवड्यात पोळी गेली तरी पोटाला ते कळलंच नाही. उलट मुगाची धिरडी आणि उसळींमुळे प्रथिनं वाढली होती. भूक दबली ती तिथे.

आणि आता पांढऱ्या तांदळाचं पीठ. १०० ग्रॅममध्ये प्रथिनं ८ आणि चोथा तीनच्या आत. तेरा ग्रॅम चोथ्यावरून तुम्ही तीनावर आलात. वर ड्रॉवरमधल्या त्या तांदळाच्या चकत्या. आंतरराष्ट्रीय तक्त्यांत रक्तातली साखर चढवण्याचा त्यांचा निर्देशांक ८७ च्या आसपास आहे, चपातीचा साधारण ५२. ग्लुटेन-फ्री बिस्किटांच्या पाकिटाची मागची बाजू एकदा वाचा. तांदळाचं पीठ, मक्याचं किंवा टॅपिओकाचं स्टार्च, साखर, पाम तेल. जाळं धरून ठेवणारं ग्लुटेन नसलं की बिस्किट भुसभुशीत होतं, ते सावरायला तेल आणि साखर घालतात. 'ग्लुटेन-फ्री' या शिक्क्याचा अर्थ एवढाच की किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन नाही. पोट भरेल असं तो शिक्का कुठेही म्हणत नाही. दुपारी एकला जेवलेली तांदळाची भाकरी तीनपर्यंत खाली उतरते, साडेतीनला चकत्या जातात, साखर चढते आणि घसरते, आणि चारला हात कापतात.

तांदळाच्या भाकरीवर मात्र माझा राग नाही, हे आवर्जून सांगते. तुम्ही रोज लोकलने ठाण्याहून ऐरोलीला जाता, त्या सगळ्या पट्ट्यात आगरी-कोळी घरांत पिढ्यान्‌पिढ्या तांदळाची भाकरीच खातात. त्यांचं रोजचं जेवण ग्लुटेनशिवायचंच आहे, फक्त कुणी त्याला तसं नाव दिलं नाही. पण त्या भाकरीबरोबर काय असतं ते पाहा. बोंबलाचं कालवण, मांदेली, सुकट, वालाचं बिरडं, चवळी. प्रथिनांचा भाग तिथून येतो आणि घरातली बाई दुपारभर काम करू शकते. तुमच्या डब्यात भाकरी आली, कालवण राहिलं.

पहिल्या दोन किलोंबद्दल मन घट्ट करून वाचा. अन्न कमी झालं की यकृतातला आणि स्नायूंतला साखरेचा साठा उतरतो. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, ते बाहेर पडतं. शिवाय गहू सोडताना फक्त पोळी सुटत नाही. चहाबरोबरची खारी, टोस्ट, ऑफिसातल्या वाढदिवसांचे केक, स्टेशनबाहेरचा वडापाव, सगळं सुटतं. अमेरिकेत २०१९ साली वीस माणसांना महिनाभर रुग्णालयात ठेवून प्रयोग झाला होता. दोन आठवडे कारखान्यातलं पाकीटबंद अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं, आणि हवं तेवढं खायची मुभा. पाकीटबंद अन्नावर तीच माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. तुमच्या बाबतीत पहिल्या पंधरवड्यात पाकीट गेलं होतं आणि नंतर ग्लुटेन-फ्री नावाने तेच परत आलं.

पोट हलकं वाटणं हे मात्र खरं असू शकतं. गव्हात ग्लुटेनखेरीज फ्रुक्टॅन नावाची एक साखळी-साखर असते. ती आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातले जंतू ती आंबवतात आणि वायू होतो. ऑस्लोमध्ये २०१८ साली, सीलिअॅक नसताना स्वतःहून ग्लुटेन सोडलेल्या ५९ लोकांना सारख्या दिसणाऱ्या वड्या दिल्या होत्या. एकीत ग्लुटेन, एकीत फ्रुक्टॅन, एकीत काहीच नाही. पोट सर्वांत जास्त फुगलं ते फ्रुक्टॅनच्या वडीने. ग्लुटेनची वडी आणि रिकामी वडी यांत फरक निघाला नाही. फुगलेल्या पोटाला भूक नीट कळत नाही, म्हणून ते उतरल्यावर भुकेचा अंदाज बदलतो. कांदा-लसणात हेच फ्रुक्टॅन असतं. पोळी सोडूनही कांद्याच्या रश्शाने पोट तट्ट फुगत असेल, तर तिकडे लक्ष द्या.

एक गोष्ट ओघात सांगून ठेवते, कारण हल्ली दर आठवड्याला विचारतात. खपली गव्हात ग्लुटेन असतं. चव छान, खीर उत्तम, पण तो गहूच आहे. भाजणीत बहुतेक घरी गहू असतो, मेतकुटातही असतो. जव गव्हाच्या नात्यातलाच आहे. बाजारातल्या बांधानी हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि गिरणीत गव्हाच्या मागोमाग तुमची ज्वारी दळली तर पहिल्या पायलीत गहू येतोच. तुम्ही 'पूर्ण बंद' म्हणता तेव्हा बहुधा पूर्ण बंद झालेलं नसतं. तुमच्यासाठी याने काही बिघडत नाही, पण सीलिअॅकच्या माणसासाठी एवढंही पुरेसं असतं.

मग तुम्ही काय करायचं? आधी सकाळची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, हिमोग्लोबिन आणि टीएसएच ही थायरॉईडची तपासणी करून घ्या. हात कापणं, भूक फार वाढणं आणि वजन उतरणं हे तिन्ही एकत्र असलं, तर थायरॉईड जास्त काम करत नाही ना, हे पाहावंच लागतं. ते आहाराच्या खात्यावर टाकून मी मोकळी होणार नाही. ते ठीक निघालं तर उद्यापासूनचा डबा असा भरा: दोन ज्वारीच्या भाकऱ्या, नाहीतर तीन पोळ्यासुद्धा, मला चालतील. त्याबरोबर मटकी, चवळी किंवा छोल्यांची मोठी वाटीभर घट्ट उसळ, पातळ रस्सा नको. काकडी-गाजराची कोशिंबीर, दाण्याचं कूट घालून. मांसाहार चालत असेल तर दोन अंडी किंवा मासे. भाकऱ्या केंद्रातूनच आणायच्या असतील तर बिघडत नाही, ठाण्यात ज्वारीच्याही मिळतात. उसळ मात्र घरची असू द्या, रविवारी कडधान्यं भिजवून मोड आणून ठेवली की चार दिवस निघतात. हात कापायची वाट न पाहता साडेतीनलाच मूठभर फुटाणे आणि शेंगदाणे खा. ड्रॉवरमधल्या चकत्या संपल्या की नव्या आणू नका. आठवडाभरात चारची भूक ओसरेल, आणि रात्री अकराचे डबे कमी उघडले जातील. झालं नाही तर मला कळवा, मग आपण झोप आणि पाळीचं चक्र यांकडे बघू.

आता तुमचा मुलगा. इथे माझं बोलणं जरा कडक वाटेल, पण ते काळजीपोटी आहे.

फिका रंग, न वाढणारी उंची, अन्नावर वासना नसणं, हे तिन्ही एका मुलात असताना सीलिअॅकचा विचार करावाच लागतो. या आजारात ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्न शोषणाऱ्या बारीक झालरी झिजून सपाट होतात. गंमत अशी की अशा रुग्णांच्या रक्तात भूक लावणारं घ्रेलिन बऱ्याचदा जास्तच सापडतं, शरीर अन्न मागत असतं. पण आतड्याकडून 'पुरे'चा पीवायवाय हा निरोपही जास्त येत असतो, पोट फुगलेलं असतं, लोह आणि जस्त कमी पडल्याने तोंडाची चव गेलेली असते. मुलाच्या हाताला ताट लागतं आणि तो ते सरकवतो. आई म्हणते, नखरे करतो. हॉलंडमधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने याचा संबंध गव्हाशी जोडला. दुसऱ्या महायुद्धात तिथे पाव मिळेनासा झाला तेव्हा त्याची आजारी मुलं सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा ढासळली. १९५० साली त्याने त्यावर प्रबंध लिहिला. आपल्याकडे हा आजार उत्तरेत जास्त दिसतो. २०१६ च्या अभ्यासात उत्तर भारतात शंभरात एकाहून थोडं जास्त, दक्षिणेत हजारात एक असं प्रमाण निघालं. पण ठाण्यात काही कुणी एकाच मुलखातून आलेलं नाही, आणि 'आपल्यात हा आजार नसतो' हे वाक्य मी चुकीचं ठरताना पाहिलं आहे.

पोळी बंद करू नका म्हणते ते एवढ्यासाठी की ही तपासणी ग्लुटेन पोटात जात असतानाच खरी येते. टीटीजी आयजीए आणि त्याबरोबर एकूण आयजीए, अशी रक्तातली प्रतिपिंडं मोजणारी तपासणी असते. ती जास्त आली तर बालरोग-पोटविकारतज्ज्ञ दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घ्यायचा की नाही ते ठरवतात. आधीच पोळी बंद केली, तर रक्तातली ती प्रतिपिंडं विरत जातात, आतडं भरून यायला लागतं, आणि आजार असून रिपोर्ट नाही म्हणतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. बारा वर्षांपूर्वी कळव्याहून सात वर्षांची एक मुलगी आली होती. हात काटकीसारखे, पोट पुढे, आणि घरचा डबा तसाच परत यायचा. मी तिच्या आईला म्हटलं, महिनाभर गहू बंद करून पाहा. महिन्याचे चार महिने झाले. मुलगी सुधारत होती, आई खूश होती, मी खूश होते. मग शाळेच्या तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालं, डॉक्टरांनी सीलिअॅकच्या तपासण्या केल्या आणि धड होही नाही, धड नाहीही नाही असं काहीतरी आलं. आठ आठवडे तिला रोज पुन्हा पोळी द्यावी लागली. चौथ्या आठवड्यात ती माझ्यासमोर पोट धरून बसली होती आणि मला विचारत होती, "मावशी, अजून किती दिवस?" त्या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. शेवटी निदान पक्कं झालं, गहू कायमचा सुटला. तिसऱ्या महिन्यात तिच्या आईचा रात्री नऊला फोन आला. मुलीने स्वतःहून दुसऱ्यांदा भात मागून घेतला होता. आजार असलेल्या मुलाची भूक ग्लुटेन सोडल्यावर अशी खरोखर उघडते. पण तिला ते आठ आठवडे केवळ माझ्या घाईमुळे सोसावे लागले. तेव्हापासून तपासणीआधी पोळी बंद करा असं मी कुणालाही सांगितलेलं नाही.

दुसरी बाजूही आहे. मुलाला सीलिअॅक नसण्याचीही पुरती शक्यता आहे. जुनी बद्धकोष्ठता, जंत, लोहाची कमतरता, जेवणाआधीची बिस्किटं, दिवसभरात पोटात जाणारं अर्धा लिटर दूध, यांतलं काहीही भूक मारू शकतं. क्षयरोगही विसरून चालत नाही. आजार नसताना पोळी काढली, तर आधीच थोडं खाणाऱ्या मुलाच्या ताटातून चोथा, लोह आणि प्रथिनं मिळण्याची एक सोपी वाट बंद होईल. मित्रांच्या वाढदिवसाला त्याला केक नाकारावा लागेल, ते वेगळंच.

त्याची उंची गेल्या वर्षी किती होती, हे शाळेच्या नोंदीतून काढा. या वयात वर्षाला चार सेंटीमीटरहून कमी वाढ असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा. घरात कुणाला सीलिअॅक, लहानपणापासून इन्सुलिन लागणारा मधुमेह किंवा थायरॉईड आहे का, तेही सांगा. बालरोगतज्ज्ञांकडून टीटीजी आयजीए, एकूण आयजीए, हिमोग्राम आणि फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) लिहून घ्या.

तुमची स्वतःची तपासणी आत्ता केली तर दोन महिन्यांच्या पथ्यामुळे तीही फसवू शकते. पोट फुगण्याचा त्रास जुना असेल तर डॉक्टरांशी बोलून ठरवा. सहा ते आठ आठवडे पोळी पुन्हा सुरू करून रक्त देता येतं, किंवा आधी जनुकांची एचएलए तपासणी करता येते. ती नकारार्थी आली की सीलिअॅक जवळजवळ निकालात निघतो, आणि तिला पथ्याने फरक पडत नाही. मुलाचं निदान सीलिअॅक आलं तर मात्र तुमची तपासणी टाळू नका, कारण हा आजार सख्ख्या नात्यात जास्त सापडतो.

सोमवारी त्याच्या डब्यात नेहमीसारखी पोळी-भाजी द्या. या तपासणीला उपाशीपोटी जावं लागत नाही, शाळेतून आल्यावर जेवूनसुद्धा रक्त देता येतं. रिपोर्ट हातात येईपर्यंत रोजची पोळी चालू ठेवा, आणि तो आला की मला पाठवा.